लाल दिव्याचा मासा : उत्क्रांती पटेल का?

प्रश्न : मुलांच्या विज्ञानकथेसाठी एक मासा रचतेय, नाव ‘दिवटा’. हिंदी महासागरात हजार मीटर खाली राहतो, डोळ्याखाली लाल दिवा. तो दिवा आला कसा? नुसतं ‘खाली अंधार असतो म्हणून’ मला चालणार नाही.

उत्तर : कारण भक्कम आहे. पाण्यात लाल प्रकाश लवकर शोषला जातो, त्यामुळे खोलातल्या बहुतेक माशांना तो रंग दिसतच नाही. दिवट्याला भक्ष्य दिसेल, भक्ष्याला दिवटा नाही. मॅलाकॉस्टियस हा खरा मासा हेच करतो. आधी निळा दिवा दाखवा, मग त्यात निळा प्रकाश शोषून लाल प्रकाश सोडणारं द्रव्य येऊ दे, आणि त्यावरचा रंगद्रव्याचा पडदा पिढ्यान्‌पिढ्या दाट होऊ दे. दिव्याचा पल्ला मात्र तोकडा ठेवा, कारण लाल प्रकाश पाण्यात फार दूर जात नाही.

दुसरं उत्तर : आणि लाल दिसायला डोळा नको? मॅलाकॉस्टियस त्यासाठी क्लोरोफिलपासून झालेलं द्रव्य वापरतो. तो ते स्वतः बनवत नाही, खाण्यातून मिळवतो, बहुधा कोपेपॉड या पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांमधून.

प्रश्नकर्ती : अहो, हे तर कथेचं कथानकच झालं! मोठी शिकार मिळाली तरी दिवट्याला बारीक कोपेपॉड खावेच लागणार, नाहीतर दिवा असून उपयोग नाही. पण पिल्लांचं काय?

दुसरं उत्तर : खोल समुद्रातल्या पुष्कळ माशांची पिल्लं वरच्या उजेडाच्या पाण्यात वाढतात आणि मोठी झाल्यावर खाली उतरतात. दिवा तेव्हाच उगवू द्या.