न्यायाधीन बंदी असलेल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र : नोटरी कारागृहात येऊ शकतो का?

प्रश्न – कृष्णाकाठ

माझा धाकटा भाऊ गेल्या नऊ महिन्यांपासून एका मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी आहे आणि खटल्यात अजून आरोपनिश्चितीही झालेली नाही. याच काळात वडील वारले. पुण्यातील सदनिका वडील आणि भाऊ यांच्या नावावर आहे, तर सातारा जिल्ह्यातील शेतजमीन एकट्या वडिलांच्या नावावर आहे. आईच्या उपचारांसाठी सदनिका विकण्यावाचून आमच्यापुढे मार्ग उरलेला नाही आणि भावाचीही त्याला संमती आहे. मागच्या मुलाखतीत त्याने ते स्वतः सांगितले. परंतु त्याची सही आणायची कशी, हे कोणी नीट सांगत नाही. एका मध्यस्थाने, भावाची सही आम्हीच कागदावर आणून दिली तर नोटरीचा शिक्का मिळवून देण्याची तयारी दाखवली. मला ते धोक्याचे वाटले म्हणून मी नकार दिला. नोटरी कारागृहात जाऊ शकतो का, आणि परवानगी कोणाकडे मागायची?

प्रतिसाद – फौजदारी वकील

ताई, आपण नकार दिलात हे अगदी योग्य केलेत. नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणारी व्यक्ती माझ्यासमोर हजर होती आणि तिने माझ्यासमोर सही केली, याची ग्वाही असते. कारागृहाच्या प्रवेशद्वारावर आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. नोटरी त्या दिवशी आत गेलाच नव्हता हे त्याच नोंदवहीवरून सिद्ध होते आणि मग सदनिकेचा व्यवहार तर अडकतोच, शिवाय खोट्या दस्ताचा नवा आरोप भावावर आणि आपल्यावर येतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. नोटरीने कारागृहात जाऊन सही घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, मात्र त्याच्या प्रमाणपत्रात नमूद असलेल्या क्षेत्रात ते कारागृह यायला हवे. भावाच्या वकिलांमार्फत अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. त्यात बंदी क्रमांक, दस्ताचा प्रकार, नोटरीचे नाव व नोंदणी क्रमांक आणि साक्षीदारांची नावे लिहा, सोबत दस्ताचा मसुदा जोडा आणि आवक विभागाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. अधीक्षकांनी न्यायालयाचा आदेश आणण्यास सांगितले, तर ज्या न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली आहे तेथे अर्ज करावा. पूर्वी तारखेला बंदी प्रत्यक्ष आणला जाई, तेव्हा न्यायालयाच्या परवानगीने तिथेच सही घेता येत असे. आता बहुतेक तारखा दूरदृश्य प्रणालीवर होतात, त्यामुळे त्या वाटेवर फार विसंबून राहू नये.

वकीलपत्रासाठी नोटरी लागत नाही. बंद्याची सही अधीक्षक किंवा तुरुंगाधिकारी साक्षांकित करतात आणि न्यायालये ती स्वीकारतात. वकिलांचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

प्रतिसाद – निवृत्त, नोंदणी विभाग

वकीलसाहेबांच्या म्हणण्यात एक महत्त्वाची भर घालतो, कारण माझ्या मते आपल्याला येथे नोटरीची गरजच नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, भारतात राहणाऱ्या माणसाच्या मुखत्यारपत्रावर दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर ते मुखत्यारपत्र निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून अधिप्रमाणित केलेले असावे लागते. नोटरीचे मुखत्यारपत्र घेऊन खरेदीखताच्या दिवशी कार्यालयात आलेली आणि रिकाम्या हाताने परत गेलेली कुटुंबे मी माझ्या नोकरीत पाहिली आहेत, आणि त्यांचे चेहरे अजून विसरलो नाही.

त्याच कलमात बंद्यांसाठी स्पष्ट सवलत आहे. दिवाणी किंवा फौजदारी आदेशाने कारागृहात असलेल्या व्यक्तीने कार्यालयात येण्याची आवश्यकता नाही. ती व्यक्ती स्वेच्छेने मुखत्यारपत्र देत आहे याची खात्री करण्यासाठी दुय्यम निबंधक स्वतः कारागृहात जाऊन तिला विचारू शकतात किंवा त्यासाठी कमिशन काढू शकतात, म्हणजे आपल्या वतीने विचारपूस करण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नेमू शकतात. भावाला पुढे हक्कसोडपत्रासारखा दस्त स्वतः करून द्यायचा असेल, तर कलम ३८ लागू होते, आणि तेथे अधिकाऱ्याने कारागृहात जावे किंवा कमिशन काढावे, असे कायदा बंधनकारक शब्दांत सांगतो. कार्यालयात ‘असे कधी केलेले नाही’ असे उत्तर मिळाले, तर ही दोन कलमे लिहून लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी मागा. बहिणीला मोबदल्याविना दिलेल्या, स्थावर मिळकत विकण्याच्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात ५०० रुपये मुद्रांक शुल्क आहे.

शेतजमिनीबाबत चिंता नको. वारस नोंदीसाठी भावाच्या सहीची गरज नाही. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन कोणीही एक वारस अर्ज करू शकतो, फक्त त्यात आई, भाऊ आणि आपण अशी तिघांचीही नावे असली पाहिजेत.

प्रतिसाद – सोलापूरकर

मी दोन वर्षांपूर्वी पतीसाठी हीच प्रक्रिया पूर्ण केली. पहिल्या खेपेस अधिकारी दारापर्यंत येऊन परतले, कारण त्यांच्या नावाची परवानगी होती, पण छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेण्याच्या यंत्रांची नव्हती. म्हणून अर्जात लॅपटॉप, कॅमेरा, ठसे घेण्याचे यंत्र, एवढेच काय शाईचे पॅडसुद्धा लिहा. ओळख पटवणाऱ्या दोन साक्षीदारांची नावे ओळखपत्रांच्या प्रतींसह द्या. पतींचे मूळ ओळखपत्र पोलिसांनी जप्त केले होते. त्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागला आणि त्यात पाच आठवडे गेले. ते आधी तपासा.

आणखी एक मनापासून सांगते. मसुदा आधी भावाला वाचायला द्या. आत बसलेल्या माणसाला बाहेरून आलेल्या कागदाची धास्ती वाटते, आणि अधिकाऱ्यासमोर माझे पती गोंधळले असते तर त्यांची संमती आहे की नाही, हाच प्रश्न उभा राहिला असता.

कृष्णाकाठ

सर्वांची मी ऋणी आहे. भावाचे ओळखपत्र घरीच आहे. मुखत्यारपत्रात सर्व अधिकार लिहावेत की केवळ या सदनिकेपुरते?

फौजदारी वकील

केवळ या सदनिकेपुरते लिहा आणि विक्रीचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होतील, तेही नमूद करा. वडिलांच्या हिश्श्यात आई आणि आपण दोघीही वारस आहात, त्यामुळे खरेदीखतावर आपल्या दोघींच्या सह्या स्वतंत्रपणे लागतील. भावाच्या मुखत्यारपत्राने त्या भागत नाहीत.