हेपॅटायटिस ए ची लस डे-केअरला सक्तीची: खरंच फरक पडतो का?

वाळवंटातलं वांगं:
आम्ही अमेरिकेत फिनिक्सला असतो, लेक अडीच वर्षांची, पुढच्या महिन्यात डे-केअर सुरू. काल तिथल्या बाईंनी फॉर्म परत केला, हेपॅटायटिस ए चा (दूषित पाण्या-अन्नातून पसरणारी कावीळ) रकाना रिकामा होता म्हणून. आमच्या मेरिकोपा काउंटीत १९९९ पासून नियमच आहे म्हणे, डे-केअरला घालायचं तर ही लस पाहिजेच. नवरा वैतागलाय, म्हणतो, कावीळ मला चौथीत झाली होती, महिनाभर उसाचा रस प्यायलो, झालो बरा, त्यासाठी एवढ्याशा पोरीला दोन-दोन सुया कशाला? मी लसीच्या विरोधात नाही हां, पण सक्तीमुळे कावीळ खरंच कमी झाली की नुसते कागद वाढले?

कल्याण_स्लो:
नवऱ्याला माझा पाठिंबा कळवा. आमच्या चाळीत एका मे महिन्यात सात पोरं पिवळी झाली होती. आजी काविळीची माळ घालायची, माळ खाली सरकेल तशी कावीळ उतरते म्हणे, आणि उतरायची, कारण ती तशीही उतरतेच. ए जुनाट होत नाही, एकदा झाली की जन्माची सुटका. अमेरिकेत तर लस यायच्या आधीपासूनच तिची साथ काही वर्षं वर काही वर्षं खाली चालायची, उतरतीच्या वेळी लस आली नि श्रेय घेऊन गेली.

डायपरवाली_नर्स:
मी मुलांच्या क्लिनिकमधेच काम करते म्हणून बोलते. सात पोरं पिवळी दिसली म्हणजे न दिसलेली किती असतील ते धरा. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ए झाला तरी कळतच नाही, डोळे पिवळे नाहीत, फार तर दोन दिवस जेवत नाहीत. पण शीमधून व्हायरस बाहेर पडत असतो, आणि मोठ्या माणसातही कावीळ दिसायच्या आधी एक-दोन आठवडे तो पडतच असतो. आता डे-केअरचं डायपर बदलायचं टेबल डोळ्यासमोर आणा, एका मावशीच्या हाताखाली पाच-सहा बाळं, त्याच हातांनी सफरचंदाच्या फोडी. बाळ हसत घरी जातं आणि चार आठवड्यांनी बाप पिवळा पडतो, मोठ्यांना हा आजार चांगलाच लोळवतो, क्वचित लिव्हरच बंद पडतं. लस बाळाला, पण वाचतो बाप.
इस्रायलने १९९९ मधे फक्त दीड-दोन वर्षांच्या मुलांना द्यायला सुरुवात केली. आधी वर्षाला लाखामागे पन्नासच्या आसपास केसेस होत्या, पाच वर्षांत दोन-अडीचवर आल्या, आणि ज्या मोठ्यांना लस दिलीच नव्हती त्यांच्यातही घटल्या. चाळीतली साथ अशी गायब होत नाही हो कल्याणकर.

तिरकस_तात्या:
लस काम करते हे मान्यच. पण धागा सक्तीवर आहे ना? इस्रायलमधे सक्ती नाही, सरकार फुकट देतं, लोक देतात. अमेरिकेतही १९९९ साली जास्त केसेसवाल्या १७ राज्यांसाठी आली ती शिफारस होती, ११ राज्यांना द्या, ६ राज्यांना विचार करा. २००३ पर्यंत त्या १७ राज्यांत केसेस ८८ टक्के घटल्या, बाकीच्या राज्यांत ५३. त्या ११ राज्यांतही तोवर साधारण निम्म्याच लहान मुलांना लस मिळाली होती. कॅलिफोर्नियात शाळेसाठी ही लस आजही सक्तीची नाही, तिथेही घटल्याच. मग फॉर्म परत करणाऱ्या बाईंनी नक्की काय केलं?

कल्याण_स्लो:
तात्या जिंदाबाद. आणि शिफारस नसलेल्या राज्यांत ५३ टक्के घट कशी झाली तेही सांगा कोणीतरी. साथ उतरतीलाच होती असं मी वर म्हणालोच.

डायपरवाली_नर्स:
थोडी उतरती होतीच, नाकारत नाही. पण ८८ आणि ५३ मधला फरक उतरतीने येत नाही. तात्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. शिफारस ऐकतात कोण, ज्यांचे डॉक्टर ठरलेले, इन्शुरन्स ठरलेला ते. माझ्याकडे दुसऱ्या डोसला येणारे निम्मे लोक "शाळेचा कागद हवाय" म्हणूनच येतात, सहा महिन्यांनी आठवण कोणाला राहते. टेक्सासने के.जी. ला दोन्ही डोस मागायला सुरुवात केली ती त्याचसाठी.

कल्याण_स्लो:
एवढं सगळं करून २०१६ नंतर काय झालं? सॅन डिएगोला रस्त्यावर राहणारी माणसं पटापट आजारी पडली, मग ३७ राज्यांत पसरलं, चाळीस हजारांवर केसेस, चारशेच्या वर मेले.

तिरकस_तात्या:
इथे मी तुमच्या विरुद्ध. ती बहुतेक मोठी माणसं, लस यायच्या आधी जन्मलेली. मुलांत साथ राहिली नाही म्हणून त्यांना लहानपणी ए झाला नाही आणि लसही मिळाली नाही, म्हणजे दोन्हीकडून कोरी. सक्ती पोरांवर ठेवून मोठ्यांना विसरलं की असं होतं.

मुळामुठाकाठी:
पुण्यातून. तीच कोरी पिढी आता आपल्याकडेही तयार होतेय, बाटलीबंद पाणी पिऊन वाढलेली पोरं कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा पिवळी पडतात. केरळात व्हेंगूरला २०२४ मधे नळाच्या पाण्यातून शेकडो लोकांना झाला. सरकारी यादीत ही लस नाही, खाजगी डॉक्टर देतात, त्यामुळे ज्याला परवडतं तो घेतो. आणि प्रत्येक कावीळ ए नसते हां, इचलकरंजीला २०१२ मधे आलेली हेपॅटायटिस ई होती, तिला ही लस चालत नाही.

वाळवंटातलं वांगं:
अपडेट. लेकीला पहिला डोस दिला, डिसेंबरात भारतात जायचंय म्हणून तसाही द्यायचाच होता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दोघं भारतातच वाढलात, रक्त तपासून बघा, अँटीबॉडी असतील. मला जन्मात कधी कावीळ झाली नाही, माझ्या निघाल्या. उसाचा रस पिणाऱ्या आमच्या साहेबांच्या शून्य! म्हणजे चौथीतली ती कावीळ ए नव्हतीच. गुरुवारी सुई त्यांना आहे, सकाळपासून गप्प आहेत.