'अंडरकव्हर ब्लूज' (१९९३): भांडण नसलेल्या हेर दांपत्याची कथा कशाच्या बळावर उभी राहते?

मृण्मयी_क

नमस्कार. हर्बर्ट रॉस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला आणि त्यातील एका गोष्टीविषयी येथील जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. जेन आणि जेफ ब्लू (कॅथलीन टर्नर व डेनिस क्वेड) हे अमेरिकी हेर दांपत्य मूल झाल्यामुळे रजेवर असून आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन न्यू ऑर्लिन्समध्ये राहायला आले आहे. त्यांचा वरिष्ठ फ्रँक (रिचर्ड जेन्किन्स) त्यांना तेथे गाठतो आणि स्फोटकांचा व्यापार करणाऱ्या नोवाचेक या बाईला पकडण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवतो. पुढचा सारा पाठलाग बाबागाडीसकट होतो.

हेरकथेत नवरा-बायको आले की बहुधा एकाने दुसऱ्यापासून काहीतरी दडवलेले असते आणि कथेचे इंधन तेथूनच मिळते. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ट्रू लाइज'मध्ये नवरा हेर असल्याचे बायकोला ठाऊक नसते, आणि २००५ च्या 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ'मध्ये तर दोघेही एकमेकांपासून आपला खरा व्यवसाय लपवतात. ब्लू दांपत्यात असे काहीच नाही. त्यांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे, मुलीचे करणे आणि शत्रूला लोळवणे ही दोन्ही कामे दोघांनाही सारखीच जमतात, आणि संशय किंवा मत्सर यांना या संसारात जागाच नाही. मला हे अतिशय आवडले. परंतु अमेरिकेत या चित्रपटाची कमाई जेमतेम सव्वा कोटी डॉलरच्या आसपासच राहिली, हे पाहता प्रश्न पडतो की प्रेक्षकांना ही सुखी जोडी सपक वाटली असेल का? संघर्ष घराबाहेर ठेवणे ही पटकथेची उणीव मानावी की तिचे बलस्थान?

जुना_पडदा

मृण्मयीताई, प्रश्न नेमका आहे. माझ्या मते ही उणीव मुळीच नाही, कारण या चित्रपटाचे कूळ हेरपटांमध्ये शोधण्यापेक्षा १९३४ च्या 'द थिन मॅन'मध्ये शोधावे लागते. डॅशिअल हॅमेट यांच्या कादंबरीवरून आलेल्या त्या चित्रपटात विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांनी निक व नोरा चार्ल्स हे जोडपे साकारले. खुनाचा तपास हे तेथे केवळ निमित्त असते. प्रेक्षक येतो तो या दोघांचा सहवास अनुभवायला. एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा ते उचलतो, आणि त्या देवघेवीतूनच हे लग्न किती मुरलेले आहे ते आपल्याला कळते. १९४७ पर्यंत या मालिकेचे सहा चित्रपट निघाले, म्हणजे न भांडणाऱ्या जोडप्याला प्रेक्षक मिळत नाहीत असे म्हणता येत नाही.

बाळाचा धागाही तेथूनच येतो. १९३६ च्या दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस नोरा विणकाम करत बसलेली असते आणि निकला उशिराने उमगते की हे कपडे बाळासाठी आहेत. १९३९ च्या 'अनदर थिन मॅन'मध्ये तो मुलगा अवतरतो, आणि निकच्या ओळखीचे जुने गुन्हेगार त्याच्या वाढदिवसाला आपापली बाळे घेऊन हजर होतात. तो प्रसंग पाहिलात तर ब्लू कुटुंबाची पूर्वपीठिका सहज ध्यानात येईल. गुन्हेगारी जगालाही बाळापुढे थोडे नमते घ्यावे लागते, ही दोन्हींतली समान गंमत आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅथलीन टर्नर यांनी याआधी 'प्रिझीज ऑनर' (१९८५) मध्ये आपल्याच नवऱ्याच्या जिवावर उठणारी मारेकरीण आणि 'द वॉर ऑफ द रोझेस' (१९८९) मध्ये घटस्फोटासाठी घर उद्ध्वस्त करणारी पत्नी रंगवली होती. त्याच अभिनेत्रीने येथे तृप्त, हसरी आणि तरीही तितकीच धारदार पत्नी उभी करावी, यातला आनंद त्या भूमिका पाहिलेल्यांना दुप्पट मिळतो.

सुहास_पु

जुना_पडदा यांचे कुळाविषयीचे विवेचन पटले, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. निक-नोराच्या चित्रपटांत रहस्य असते. खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि त्यामुळे जोडप्यात संघर्ष नसला तरी कथेला ताण राहतो. 'अंडरकव्हर ब्लूज'मध्ये नोवाचेक कोण आहे आणि तिला काय हवे आहे हे आपल्याला लवकरच समजते, आणि ब्लू दांपत्य इतके निष्णात आहे की ते हरतील अशी शंका क्षणभरही येत नाही. माझा आक्षेप त्यांच्या सुखी संसाराला नाही. त्यांच्या तोडीचा प्रतिस्पर्धी पटकथेने दिला नाही, याला आहे. फियोना शॉ या रंगभूमीवर मोठ्या मानल्या जाणाऱ्या आयरिश अभिनेत्री आहेत आणि त्या नोवाचेकला जरबही देतात, पण त्यांच्या वाट्याला पुरेसे प्रसंगच आलेले नाहीत.

याला काळाचेही कारण असावे. चित्रपट सप्टेंबर १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली होती, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला होता, आणि १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचेही दोन देश झाले होते. शत्रूचे राज्यच उरले नाही तेव्हा हेरपटांच्या लेखकांनी त्या राज्याची उरलीसुरली माणसे खासगी व्यापारात उतरवली, आणि नोवाचेक त्यांपैकीच एक आहे. तिच्यामागे ना विचारसरणी, ना सत्ता, फक्त पैसा. अशा खलनायिकेचे भय वाटायचे तर तिचे क्रौर्य दिसायला हवे, पण तान्हे मूल मध्यवर्ती असलेल्या विनोदी चित्रपटात ते दाखवणे अवघड होते. ही कोंडी लेखकाला सोडवता आली नाही, असे मला वाटते.

वैदेही_नृत्य

सुहासराव, आपण नोवाचेकबद्दल म्हणता ते खरे आहे, मात्र प्रतिस्पर्ध्याची जागा या चित्रपटात दुसऱ्याच पात्राने भरून काढली आहे. स्टॅन्ली टुची यांनी साकारलेला म्युएर्ते हा गल्लीतला लुटारू बाबागाडी घेऊन फिरणाऱ्या जेफला सोपे सावज समजून आडवा येतो, सडकून मार खातो, आणि नंतर सूडासाठी पुनःपुन्हा परत येतो. जेफ त्याला हट्टाने 'मॉर्टी' म्हणत राहतो. त्याचा प्रत्येक पराभव आधीच्यापेक्षा अधिक मानहानीचा असतो, आणि टुची ती मानहानी इतक्या गंभीरपणे जगतात की हसू आवरत नाही. ताण नाही हे कबूल, पण पुढच्या वेळी याचे काय होणार ही उत्सुकता मात्र सतत जागी राहते.

रॉस यांची पार्श्वभूमीही येथे विचारात घ्यावी. ते मूळचे नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक. बॅले नर्तिकांच्या जीवनावरील त्यांच्या 'द टर्निंग पॉइंट' (१९७७) या चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकने मिळाली होती. त्यामुळे येथील मारामाऱ्यांना मला नृत्याची शिस्त दिसते. बाबागाडीची दांडी हातात असताना माणसाच्या हालचालींवर जी बंधने येतात, त्या बंधनांतूनच ठोसा, गिरकी आणि गाडीचा धक्का यांचा ताल जमवलेला आहे. तान्ह्या मुलांना घेऊन चित्रीकरण करणे मुळातच कठीण असते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार सहा महिन्यांखालील बाळाकडून दिवसाला वीस मिनिटांहून अधिक काम करून घेता येत नाही, आणि म्हणून अशा भूमिकांसाठी बहुधा जुळी बाळे निवडली जातात. ज्या पात्राला काही शिकवता येत नाही, त्याच्याभोवती इतर सर्वांच्या हालचाली बसवणे हे नृत्यदिग्दर्शकाचेच काम आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर बाळ हे या चित्रपटात शोभेपुरते आणलेले नाही.

मृण्मयी_क

सर्वांचे मनःपूर्वक आभार. म्युएर्तेविषयीचा मुद्दा वाचून मला माझ्याच प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले, कारण या जोडप्याचा एकमेकांवरचा विश्वास आपल्याला पटतो तो बाहेरच्यांच्या गोंधळामुळे. म्युएर्तेला ते दुबळे वाटतात. हॅल्सी आणि सॉयर (लॅरी मिलर व ओबा बाबाटुंडे) या दोन पोलिसांना ते गुन्हेगार वाटतात. आणि खरे काय ते फक्त त्या दोघांना आणि आपल्याला ठाऊक असते. म्हणजे गुपित आहेच, फक्त ते नवरा-बायकोच्या मध्ये न राहता त्यांच्या आणि जगाच्या मध्ये आहे.

सुहासरावांचा नोवाचेकविषयीचा आक्षेप मात्र मी मान्य करते. फियोना शॉ यांना अखेरीस जेनसमोर उभे राहण्याची संधी मिळते तेव्हा त्या दोघींची जुगलबंदी आणखी आधी सुरू व्हायला हवी होती असे मलाही वाटले. जुना_पडदा, 'थिन मॅन' मालिका मी पाहिलेली नाही. ती क्रमाने पाहावी की बाळाच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल?

जुना_पडदा

क्रमानेच पाहा. प्रत्येक भागातले रहस्य स्वतंत्र आहे, परंतु पहिल्या दोन भागांत त्या दोघांचे बोलणे कानात मुरले असेल तरच तिसऱ्या भागात निक बाबा म्हणून जो अवघडतो, त्याची खरी मजा येते.