पुण्यातलं संशोधन पुण्याच्या ओढ्यापर्यंत का पोचत नाही?

मुठाकाठ
मी सिव्हिलच्या मुलांना पर्यावरण शिकवते. गेली चौदा वर्षं शेवटच्या वर्षाचा एक तरी गट माझ्याकडे पुण्याच्या मुळा-मुठा नदीचा प्रकल्प घेतो. नमुने घ्यायची ठिकाणं: विठ्ठलवाडी, ओंकारेश्वर, संगम, बंडगार्डन, मुंढवा. मुलं पहाटे बाटल्या घेऊन निघतात, बर्फाच्या डब्यातून नमुने आणतात, २७ अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी काढतात, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात तो आकडा. जास्त बीओडी म्हणजे जास्त घाण. आंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. ओंकारेश्वरापासून खाली आमच्या एकाही गटाला तो आकडा कधी मिळालेला नाही. मग अहवाल बांधून होतो, तोंडी परीक्षा होते, प्रत कपाटात जाते. असे चौदा अहवाल माझ्या मागच्या कपाटात आहेत.

याच शहरात अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० पासून, एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आणि एनआयव्ही ही राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून आहे. एवढी विद्या एका गावात असताना नदी अशी का, हा प्रश्न मला रोज पडतो. माझं मत स्पष्ट आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेनं निदान चौथा हिस्सा संशोधन शहरानं विचारलेल्या प्रश्नांसाठी राखावं. आणि त्या कामात इंजिनिअर, डॉक्टर आणि समाजशास्त्राचा माणूस तिघंही पहिल्या दिवसापासून असावेत. आम्ही पाणी मोजतो, पण ते पाणी ज्यांच्या दारावरून वाहतं त्यांच्या घरात कोण आजारी आहे, हे चौदा वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नाही. ती चूक माझीही आहे.

पाषाणवासी
मॅडम, तळमळ पटते, उपाय पटत नाही. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली, माणसांना ताप येऊ लागला. तो गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू आहे हे ओळखलं पुण्यातल्या संस्थेनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं. त्यात पुण्याचा प्रश्न कुठे होता? पण असल्या कामावरच विषाणू वेगळा करणारे हात तयार झाले, आणि २०२० मध्ये त्याच संस्थेनं करोनाचा विषाणू वेगळा केला. कोव्हॅक्सिन ही लस त्यावरच उभी राहिली. चौथा हिस्सा महापालिकेच्या यादीला बांधला असता तर ही तयारी कुठून आली असती?

आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. आधीच तोकडी असलेली चादर तुम्ही आणखी फाडताय. कोणतं ज्ञान कधी कामाला येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ते स्वतःच्या गतीनं वाढू द्यावं.

ड्रेनेजवाले काका
मी ज्या खात्यात आयुष्य काढलं त्यावरून बोलतो. दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. नदी घाण आहे ती मैलापाणी प्रक्रिया न होता नदीत येतं म्हणून. त्यावरचा इलाज, जिवाणूंना हवा देऊन पाणी स्वच्छ करायची पद्धत, मँचेस्टरमध्ये १९१४ साली सिद्ध झाली. शंभर वर्षांहून जुनी विद्या आहे ही. यात नवीन पीएचडी काय करणार?

मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जातून ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. ११ केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करायची क्षमता. केंद्र बांधणं त्यातल्या त्यात सोपं असतं. जागा ताब्यात घेणं, नाल्याकडेच्या वस्तीत गल्लीगल्लीतून वाहिनी टाकणं, प्रत्येक सोसायटीचं आउटलेट पावसाळी गटारातून काढून मैलावाहिनीला जोडणं, रात्री वीज गेली तरी पंप चालू ठेवणं, हे अवघड. लोक फक्त केंद्राची इमारत बघतात. वाहिनी जमिनीखाली असते, ती कुणाला दिसत नाही आणि तिचं उद्घाटनही होत नाही.

मुठाकाठ
काका, तुम्ही आत्ता ज्या चार गोष्टी मोजल्यात ना, त्याच तर संशोधनाचे विषय आहेत! कुठल्या सोसायटीचं आउटलेट कुठे जातं, हे कळायला नाल्यानाल्यात उतरून मोजणी लागते. वस्तीतून वाहिनी का जाऊ देत नाहीत, हे कळायला तिथल्या बायकांशी बोलावं लागतं. वाहिनीच्या खोदकामात आपलं घर जाणार ही भीती असेल, तर त्याचं उत्तर माझ्या प्रयोगशाळेत नाही.

आणि पाषाणवासी, कोविडच्या काळात एनसीएल आणि आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश शोधले. घरोघरी नाकात काडी न घालता शहराच्या साथीचा अंदाज घेता येतो, तो याच पाण्यातून. इंजिनिअरची वाहिनी, डॉक्टरची साथ आणि आमचं प्रदूषण एकाच गटारात आहे. ते मोजणारेच तेवढे वेगवेगळ्या इमारतींत बसतात.

वढूकडची
मी गावांमध्ये आरोग्य सर्वेक्षणाचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटानं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. नोंद गरोदरपणाच्या आधीपासून. आई काय खाते, किती राबते, बाळाचं वजन किती. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन. पण ही बारीक दिसणारी बाळं अंगात चरबी मात्र राखून होती. हातपाय काटकुळे आणि चरबी टिकलेली, आणि पुढे मधुमेहाचा धोका. ज्या आया दूध, फळं, हिरव्या पालेभाज्या जास्त खात होत्या त्यांची बाळं बाळसेदार निघाली. नुसतं पोटभर खाण्यानं तेवढा फरक पडत नव्हता. मग मुलं सहा वर्षांची झाल्यावर कळलं की आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल, तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची खोड जास्त दिसते. हे छापून आलं २००८ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं!

यात पाषाणवासींचं म्हणणं अर्धं खरं ठरतं. पंधरा वर्षं थांबणारा पैसा लागतो, दरवर्षी अहवाल मागणारा नाही. पण प्रश्न मात्र गावातला होता आणि उत्तरही गावातच सापडलं. फ्रॉकमधली पोर पुढे स्वतः आई होईपर्यंत तिच्या दारात जात राहायचं, तर शास्त्रज्ञाइतकीच वजनकाटा घेऊन फिरणारी कार्यकर्ती महत्त्वाची असते. शोधनिबंधात ती बहुधा आभाराच्या ओळीत असते. मला याचं वाईट वाटतं.

चौथं वर्ष चालू
मी पीएचडी करतोय, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तुम्ही सगळे संशोधन गृहीत धरताय. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, पेपर किती झाले? माझ्या एका सीनियरनं पैसे भरून तीन आठवड्यांत दोन पेपर छापून आणले. मी सांगलीच्या महापुरानंतर कर्ज काढलेल्या कुटुंबांवर काम करतोय, वर्षभरात सत्तर घरं झाली. सगळ्या बैठकांत हुशार तो ठरला.

पुणे विद्यापीठातल्याच डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली तेव्हा ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी यूजीसीनं ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही गेली. पण मार्गदर्शकांच्या बढतीचं गणित पेपरवरच आहे, त्यामुळे आमच्या मानेवरचं जू तसंच आहे. मॅडमचा चौथा हिस्सा उद्या लागू झाला तर 'मुळा-मुठा' नाव घातलेले हजार पेपर छापले जातील आणि नदीवर कुणी फिरकणार नाही.

सुका कचरा
मग पुण्यात जे घडलं ते सांगते. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका कचरा वेचणाऱ्या बायका-मुलींना अक्षरं शिकवायला गेल्या. तिथे त्यांना दिसलं की या बायकांना पाटी-पेन्सिलीआधी कोरडा, वेगळा केलेला कचरा हवाय. त्यातून १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना उभी राहिली. मग प्राध्यापिका आणि वेचक यांनी मिळून हिशेब मांडला, की या बायका किती माल उचलतात आणि महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचवतात. १९९६ मध्ये महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांवर मान्यतेची मोहोर उठवली, २००८ मध्ये वेचकांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी करार केला. आज दारावर ढकलगाडी येते त्यामागे ही मोजणी आहे.

म्हणून मला कोणाचा किती हिस्सा यात रस नाही. आकड्यांच्या मागे तो आकडा घेऊन पालिकेच्या दारात बसणारी माणसं होती, म्हणून ते काम पुढे गेलं. मॅडम, तुमच्या चौदा अहवालांमागे कोण बसलंय?

पाषाणवासी
उदाहरण मोठं आहे, मान्य. पण संघटनेनं केलेला अभ्यास संघटनेला हवं तेच उत्तर देईल, हा धोका उरतोच.

सुका कचरा
धोका आहेच. कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासातही असतो, तिथे तुम्ही एवढ्या लवकर बोट ठेवत नाही. प्रश्न कोणी विचारला ते पहिल्या पानावर लिहा आणि कच्चे आकडे सगळ्यांसाठी उघडे ठेवा.

मुठाकाठ
माझ्या अहवालांमागे कोणीच बसलेलं नाही. हे वाचून रात्री झोप नीट लागली नाही. चौथ्या हिश्शाचा आग्रह मी सोडते, पीएचडीवाल्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. पण तीन विषयांची माणसं एका ओढ्यावर हवीत, हे मी सोडणार नाही. या सुट्टीत चौदा वर्षांचे आकडे एका तक्त्यात उतरवून सगळ्यांना देते, ठिकाण, तारीख, वेळ आणि चुकलेल्या नोंदींसकट.

ड्रेनेजवाले काका
मॅडम, आंबील ओढ्याच्या नोंदी आहेत का? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत कुठली वाहिनी कुठे मिळते ते मला पाठ आहे. रविवारी सकाळी सातला मी तुमच्या मुलांबरोबर चालायला तयार आहे. गमबूट आणायला सांगा.

वढूकडची
काठाच्या वस्तीतल्या घरांत मी जाते. एकीला तरी सोबत घेईन, एकट्या बाईला दार कोणी उघडत नाही. चौथं वर्ष चालू, तुमची प्रश्नावली पाठवा, कर्जाचा भाग मला विचारायचाच आहे.