घरातील जुने कागद प्रदर्शनात मांडताना अन्यायाची गोष्ट कशी सांगावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे आजीची दोन छायाचित्रे, तिचे हजेरीपत्रक आणि तिच्या अंगठ्याचा ठसा असलेला एक करारनामा आहे. त्या करारापायी घरातील दोन पिढ्या एकाच मालकाकडे राबल्या. एका लहान दालनात हे सारे मांडायचे आहे. केवळ छायाचित्रे लावली तर ते घरगुती आठवणींचे दालन होते, आणि अन्यायाचे विवेचन फलकांवर लिहू लागलो की आजी मागे पडून निबंध तेवढा उरतो. यातून वाट कशी काढावी?

प्रतिसाद १

फलकांचा मजकूर लिहिण्यापूर्वी कोणती वस्तू कशाच्या शेजारी ठेवायची, हे ठरवावे. अमेरिकी कलावंत फ्रेड विल्सन यांनी १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातील वस्तूंचीच फेरमांडणी करून ‘मायनिंग द म्युझियम’ हे प्रदर्शन उभे केले. त्यात नक्षीदार चांदीच्या भांड्यांच्या मध्येच गुलामांना घालावयाच्या लोखंडी बेड्या ठेवल्या होत्या आणि फलकावर ‘धातुकाम, १७९३–१८८०’ एवढेच लिहिले होते. दोन्ही वस्तू एकाच संग्रहात होत्या. त्या एकत्र दाखवाव्यात असे पूर्वी कोणाला वाटले नव्हते, यातच सगळे आले. आपल्या करारनाम्याशेजारी मालकाच्या बाजूचा एखादा कागद मिळवता आला, तर निम्मे विवेचन लिहावेच लागणार नाही.

प्रतिसाद २

वरील उदाहरण उत्तम असले तरी येथे ते पुरेसे नाही, असे माझे मत आहे. त्या बेड्या कोणाच्या पायांत होत्या हे फलक सांगत नाही. आपल्याकडे मात्र नाव, चेहरा आणि ठसा असलेली एक स्त्री आहे. लाटोया रुबी फ्रेझियर यांची ‘द नोशन ऑफ फॅमिली’ ही छायाचित्रमाला (२००१–२०१४) या दृष्टीने पाहावी. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडॉक या पोलाद कारखान्याच्या गावी त्यांनी आजी, आई आणि स्वतःची छायाचित्रे काढली, आणि उद्योगाची उतरण, प्रदूषण, आजारपण, २०१० मध्ये बंद झालेले रुग्णालय हे सारे त्या तीन स्त्रियांच्या घरातून व शरीरांतून दिसत गेले. विशेष म्हणजे आई तेथे केवळ विषय नाही; काही चित्रांच्या निर्मितीत ती सहभागी आहे.

कॅरी मे वीम्स यांची ‘फॅमिली पिक्चर्स अँड स्टोरीज’ ही छायाचित्रमालाही अशीच. अमेरिकेतील १९६५ च्या मॉयनिहॅन या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीयांच्या दुरवस्थेचा मोठा भार त्यांच्या कुटुंबरचनेवर टाकला होता. वीम्स यांनी प्रतिवादाचा लेख न लिहिता आपल्याच नातलगांना त्यांच्या गुणदोषांसह समोर उभे केले. माणसाला केवळ पीडित म्हणून दाखवणे हाही एक अन्यायच असतो (हे मी स्वतः चुका करून शिकलो आहे).

प्रतिसाद ३

दोन व्यावहारिक गोष्टी. मूळ छायाचित्रे व शाईचे कागद प्रकाशाने फिकट होतात, म्हणून प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे मंद ठेवावा किंवा सरळ प्रतिकृती लावाव्यात. शिवाय आजीच्या वतीने संमती कोण देणार, हे सर्व वारसांशी बोलून आधीच ठरवावे. नंतर विचारल्यास ती संमती राहत नाही, केवळ सूचना होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. दुसऱ्या छायाचित्रात आजी खळखळून हसते आहे, आणि विषयाशी संबंध नाही म्हणून मी ते बाजूलाच ठेवले होते. आता ते करारनाम्यासमोरच्या भिंतीवर येईल. मालकाकडील हिशेबवहीची प्रत मिळवण्याचाही प्रयत्न करतो. मामांना मात्र ठसा लोकांसमोर येणे मान्य नाही. त्यांचा होकार मिळेपर्यंत करारनाम्याचा तो कोपरा झाकलेलाच राहील.