न वापरलेल्या ट्रेडमार्कची अडगळ कोणी काढायची?

दाळवाला, लातूर
आमची छोटी दाळमिल आहे. दाळीच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, वडिलांच्या काळापासून एका नदीचं नाव स्टेन्सिलनं मारतो. यंदा ऑनलाइन विक्री सुरू केली, तर नोटीस आली: हे नाव आमच्याकडे रजिस्टर आहे, माल उतरवा. त्या नावाची दाळ मी मोंढ्यात पाहिली नाही, किराणा दुकानातही नाही. पोर्टलनं मात्र आमचीच विक्री बंद केली.

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ४७ आहे. रजिस्टरवर आल्यापासून सलग पाच वर्षं खरा वापर नसेल, तर ते चिन्ह, म्हणजे नोंदवलेलं नाव, रजिस्टरवरून काढता येतं. पण अर्ज करायचा कोणी? ज्याची अडवणूक झाली त्यानंच! मालक दर दहा वर्षांनी फी भरतो आणि नाव तसंच राहतं. माल विकला का, हे नूतनीकरणाला कोणी विचारत नाही. अमेरिकेत पाचव्या ते सहाव्या वर्षात वापराचं प्रतिज्ञापत्र नमुन्यासह द्यावं लागतं, नाहीतर नोंदणी जाते. तसं इथंही करा.

वकीलताई, छत्रपती संभाजीनगर
दादा, मला हे पटत नाही. ही सक्ती आली की पहिला फटका बचत गटांना बसेल. मोठ्या कंपनीत कागद सांभाळायला माणसं असतात. पापड-लोणचं करणाऱ्या बाईची एक तारीख हुकली की नाव गेलं, आणि ते उचलायला कोणीतरी टपलेलंच असतं. तुमच्यासाठी कलम ३४ आहे. त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तुम्ही सतत ते नाव वापरत असाल, तर ते तुम्हाला रोखू शकत नाहीत. जुनी बिलं काढा. चिन्ह काढण्याच्या ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी २,७०० रुपये फी आहे.

दाळवाला, लातूर
ताई, बिलं कुठून आणू? जीएसटी २०१७ ला आला. त्याआधी अर्धा व्यवहार आडतीच्या कच्च्या पावतीवर, अन् त्यावर ब्रँड नसतोच, नुसतं ‘तूरदाळ, इतके कट्टे’. २,७०० ही सरकारी फी झाली, वकिलाची वेगळी. आणि त्यांनी कोर्टात दावा लावला तर चिन्ह काढायला हायकोर्टात जावं लागतं. नवी तूर जानेवारीत येते, ती काय तारखेची वाट बघते?

सीताफळवाला, बीड
मुळात नदीचं नाव एकट्याला दिलंच कसं? ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१५ ला सांगितलंय. आमच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव इथल्या सगळ्या उत्पादकांचं. नद्यांचंही तसंच पाहिजे.

वकीलताई, छत्रपती संभाजीनगर
तो निकाल धर्मग्रंथाच्या नावापुरता आहे, नद्यांना सरसकट लावू नका. आणि दाळवाले दादा, नूतनीकरणाच्या वेळी एक बिल आणि पाकिटाचा फोटो मागितला तर माझी हरकत नाही. पाचव्या वर्षी मात्र नको.

दाळवाला, लातूर
मग माझं खातं दहा वर्षं बंद ठेवू का? निदान विक्री थांबवण्याआधी पोर्टलनं तक्रारदाराकडं त्याच्या विक्रीचा पुरावा मागावा.

वकीलताई, छत्रपती संभाजीनगर
नव्या नोंदणीला कायद्यानंच पाच वर्षांची मुभा दिलीय, ती पोर्टल कशी काढून घेणार?

दाळवाला, लातूर
नव्यांना नका विचारू. ज्यांची पाच वर्षं उलटलीत त्यांना तरी विचारा.