पेटंटेड अ‍ॅप घ्यायचं की मूडल? कॉलेजवाल्यांनी सांगा

खाडीकाठ_चिपळूण
नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज छोटं, १२०० च्या आसपास पोरं, बरीचशी गुहागर-खेडकडून एसटीने येणारी. संस्थेने हजेरी, नोट्स, टेस्ट सगळं अ‍ॅपवर न्यायचं ठरवलंय (नॅकची तपासणी जवळ आली की सगळ्यांना जाग येते) आणि एक कंपनी पोरामागे वर्षाला ४५० रुपये म्हणतेय, म्हणजे साडेपाच लाखांच्या घरात गेलं. एवढा रेट का विचारलं तर "सर, आमची टेक्नॉलॉजी पेटंटेड आहे", वर म्हणे मूडलसारखं (कोर्स, नोट्स, टेस्ट ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर) फुकटचं काही वापरलंत तर पेटंटच्या भानगडीत अडकाल. चेअरमनसाहेब तेवढ्यानेच गार. अ‍ॅप टाकून बघितलं तर लोकेशन, कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स सगळं मागतंय. हजेरीला कॉन्टॅक्ट्स कशाला??

फणसगरा
सर, आधी पेटंट नंबर मागा. पेटंट ऑफिसच्या साइटवर कोणालाही फुकट शोधता येतो. नुसता अर्ज टाकून पेटंटेड म्हणून मिरवणारे खूप. आपल्या कायद्यात कलम ३(के) आहे, नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही.

आणि ही भीती घालायची पद्धत जुनीच. अमेरिकेत ब्लॅकबोर्ड या असलंच कोर्सचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला जानेवारी २००६ मध्ये पेटंट मिळालं, कशाचं तर एकच माणूस एका कोर्सला शिक्षक आणि दुसऱ्याला विद्यार्थी, दोन्हीला लॉगिन एकच, असल्या गोष्टींचं. लगेच त्याच वर्षी डिझायर-टू-लर्न या कॅनडाच्या कंपनीवर केस. २००८ ला ज्युरीने ३१ लाख डॉलर द्यायला लावले, २००९ ला अपील कोर्टाने पेटंटमधले ते दावेच रद्द ठरवले. मूडलसारख्या ओपन सोर्सवाल्यांवर (म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला) केस करणार नाही असं तर ब्लॅकबोर्डने २००७ मध्येच जाहीर करून टाकलं होतं. चेअरमनना हे सांगा.

कुडाळचो_झिल
आमच्याकडे पावसात लायट गेली की दोन दोन दिस येणा नाय. अ‍ॅपात हजेरी कशी लावतलात ता आधी सांगा 😄

सर्व्हरवाली_ताई
मूडल फुकट म्हणजे लायसन फुकट हो. सर्व्हर, बॅकअप आणि रात्री साइट बसली की उठून बघणारा माणूस, याचे पैसे लागतातच. आमच्याकडे हे सगळं एका लॅब असिस्टंटच्या गळ्यात पडलं, त्याने नोकरी सोडली तेव्हा पासवर्ड कोणाकडेच नव्हता. तरी कंपनीच्या रेटपेक्षा स्वस्तच पडलं.

पण मला विचाराल तर पेटंटपेक्षा डेटाचं बघा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कंपनीला काम दिलं तरी जबाबदारी कॉलेजचीच राहते, रीतसर करार हवाच, आणि डेटा नीट सांभाळला नाही म्हणून दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. करारात तीन वर्षांनी सोडायचं झालं तर मार्क-हजेरी कुठल्या फॉरमॅटमध्ये परत देणार आणि त्यांच्याकडची कॉपी कधी पुसणार हे लिहून घ्या. कॉन्टॅक्ट्सची परवानगी तर सरळ काढायला लावा.

खाडीकाठ_चिपळूण
धन्यवाद सगळ्यांना. सेल्सवाल्याला नंबर विचारला, म्हणतो "प्रोसेसमध्ये आहे सर" 😂 ताई, १२०० पोरांना सर्व्हर केवढा लागेल? परीक्षेच्या वेळी सगळी एकदम तुटून पडतात.